पारा उतरत होता

चिंधा त्र्यंबक पाटील हे पूर्ण नाव ऑफिसच्या पाटीवर कधीच लागलं नाही. तिथं 'सी. टी. पाटील, सहायक हवामानतज्ज्ञ' एवढंच होतं. आधीची दोन मुलं गेल्यावर ते जन्मले, तेव्हा आईनं त्यांना चिंध्यांत गुंडाळून उकिरड्यावर ठेवलं आणि लगेच परत उचललं. काळाला वाटावं, हे टाकलेलं पोर आहे, याच्याकडं बघायचं कारण नाही. खानदेशात अशी नावं बरीच सापडतात. चिंधाभाऊ चार वर्षांचे असताना वडील अमळनेरकडून सुरतेला आले, यंत्रमागावर लागले, आणि याच शहरात मागाच्या खडखडाटात मुलानं बी.एस्सी. केलं.

मी आनंदा. मूळचा उदगीरकडचा. एक्क्याण्णव सालापासून सुरतेजवळ मगदल्ल्याच्या धावपट्टीवर, टॉवरमध्ये, रेडिओवर बसायचो. टॉवर म्हणजे दुमजली इमारतीवर काचेची खोली. खाली हवामानाची खोली, तिथं चिंधाभाऊ. ते वारा, ढगांची उंची, हवेचा दाब मोजून फोनवर सांगायचे आणि मी ते येणाऱ्या वैमानिकाला सांगायचो. आमचं एकमेकांशी निम्मं बोलणं आकड्यांतच व्हायचं.

तेव्हा विमानं थोडी. कधी सरकारी पाहुणा, कधी आठवडा आठवडा काहीच नाही. धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना गांडो बावळ, म्हणजे वेडी बाभूळ, माजलेला, त्यात कोल्हे. तरी चिंधाभाऊ दर तीन तासांनी वाचन घ्यायचे. चौऱ्याण्णवला प्लेगच्या भीतीनं शहर रिकामं झालं, मागावरची सगळी खानदेशी माणसं मिळेल त्या गाडीला लटकून गावाकडं पळाली, तेव्हाही ते भेस्तानहून सायकलवर तोंडाला रुमाल बांधून येत राहिले. मी विचारलं, "भाऊ, विमान नाही, माणूस नाही, कुणासाठी मोजता?"

म्हणाले, "मोजायचं एक दिवस थांबलं, की दुसऱ्या दिवशी न मोजता लिहायची सवय लागते."

त्यानंतर दीडेक वर्षात दिवस पालटले. हिऱ्याच्या आणि कापडाच्या व्यापाऱ्यांसाठी एका खासगी कंपनीनं मुंबईहून नऊ आसनी विमान सुरू केलं. रोज संध्याकाळी चारच्या सुमारास ते उतरायचं आणि तासाभरानं परत जायचं. विमान आलं म्हणून नवी यंत्रणा आली. शहाण्णवच्या जानेवारीत एका ट्रकमधून लाकडी खोकी उतरली आणि त्यांच्यासोबत गजेंद्र सोनवणे नावाचा इंजिनिअर. यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीचा. वय तीसच्या आत, मूळचा शिरपूरचा. पहिल्याच दिवशी चिंधाभाऊंचं नाव त्यानं कागदावर पूर्ण वाचलं आणि हसला नाही. तेवढ्यावर भाऊंचं त्याच्याशी जुळलं.

कल्पना चांगली होती. वारा मोजणारं, ढग मोजणारं, दाब मोजणारं, सगळी यंत्रं धावपट्टीच्या कडेला उघड्यावर. तिथून केबल खोलीत. खोलीत एक पडदा, त्यावर दर मिनिटाला नवे आकडे, आणि तसाच दुसरा पडदा माझ्यासमोर वर. माणसानं वाचायचं, फोन करायचा, मग दुसऱ्यानं सांगायचं, ही साखळी बंद. देशात अकरा ठिकाणी हीच यंत्रणा बसणार होती. हेडऑफिसकडून भाऊंना हुकूम आला, की इंजिनिअरला मदत करायची, जागा निवडून द्यायच्या, आणि सहा महिने यंत्राच्या शेजारी हातानं वाचन घेऊन दोन्ही ताडून पाहायची.

भाऊंनी ते मनापासून केलं. वाऱ्याचा खांब गजेंद्रनं इमारतीजवळ आखला होता, केबल कमी लागते म्हणून. भाऊंनी त्याला दुपारच्या उन्हात नेऊन गवताच्या काड्या उडवून दाखवल्या. इमारतीआड वारा कसा वळसा घेतो ते त्यानं पाहिलं आणि खांब दोनशे मीटर लांब नेला. दाबाचं यंत्र एका करड्या पत्र्याच्या पेटीत होतं. पेटी शिशाच्या सीलनं बंद. हवा आत जायला खालच्या बाजूनं करंगळीएवढी नळी. कंपनीच्या माणसाशिवाय सील कुणी तोडायचं नाही, तसं करारातच होतं.

दाबाचं एवढं काय, असं कुणालाही वाटेल. विमानातलं उंचीचं घड्याळ हवेच्या दाबावर चालतं. खालून आम्ही जो आकडा सांगू, तो वैमानिक त्या घड्याळात बसवतो. आकडा एका मिलीबारनं जास्त सांगितला, तर घड्याळ सत्तावीस-अठ्ठावीस फूट जास्त दाखवतं. माणसाला वाटतं आपण वर आहोत, आणि असतो खाली. स्वच्छ दिवशी डोळ्यांना जमीन दिसते, चूक सांभाळली जाते. ढगात नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी पलसाण्याच्या बाजूनं धुळीचं वादळ उठलं. पंधरा मिनिटं सगळं पिवळं झालं. भिंतीवरच्या पाऱ्याच्या दाबमापकात भाऊंना पारा खाली गेलेला आणि मग वर उडालेला दिसला. पडद्यावरचा आकडा मात्र जागचा हलला नाही. अर्ध्या तासानं तो थोडासा सरकला आणि मग पुन्हा तिथंच.

त्यांनी मला खाली बोलावून दाखवलं. "बघ, यंत्र मागाहून येतंय."

"सरासरी घेत असेल," मी म्हणालो.

"दहा मिनिटांची घेतं. अर्ध्या तासाची नाही."

त्यांनी गजेंद्रला सांगितलं. त्यानं टाळाटाळ केली नाही. मुंबईहून एक प्रमाण यंत्र मागवलं, पेटीशेजारी ठेवलं, दोन दिवस दर तासाला आकडे घेतले. दोन्ही दिवस हवा स्थिर होती. फरक जवळजवळ शून्य. त्यानं कागद भाऊंपुढं ठेवला. "पाटीलसाहेब, तुमचा पारा बावीस वर्षांचा आहे. माझं यंत्र चार महिन्यांचं."

"सावकाश बदललं तर बरोबर येतं," भाऊ म्हणाले. "झपाट्यानं बदललं की चुकतं. असल्या शांत दिवसात ते कसं सापडेल? पेटी उघडून बघू."

"सील तोडायला वरून लेखी लागतं."

"मग मागव."

गजेंद्रनं मागितलं, ते मी स्वतः पाहिलं आहे. उत्तर आलं ते वेगळंच. चाचणीचे सहा महिने कमी करून साडेतीन केले होते. एक जूनपासून पडद्यावरचा आकडा हाच अधिकृत. हातानं घेतलेलं वाचन वैमानिकाला द्यायचं नाही. पाऱ्याचं दाबमापक पंधरा जूनपर्यंत बांधून परत पाठवायचं. आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यात दिल्लीहून एक मोठे साहेब येऊन यंत्रणा रीतसर ताब्यात घेणार होते. या सगळ्याची एक प्रत धावपट्टीच्या मॅनेजरनं माझ्या टेबलाच्या काचेखाली सरकवली.

भाऊंनी हेडऑफिसला पत्र लिहिलं. मग दुसरं.  दुपारी जेवून झालं की करड्या पेटीपाशी जाऊन उभे राहायचे, हात पाठीशी. एकदा ते पेटीला कान लावून ऐकत असलेले मला वरून दिसले.

पंधरा तारखेला पॅकिंगची माणसं आली. पारा आडवा करायचा तर आधी सावकाश तिरका करून नळी भरून घ्यावी लागते. त्यातल्या एकानं तो खुंटीवरून एकदम काढला. भाऊ धावले, हातातून घेतला, परत टांगला, आणि लाकडी पेटीत मापाची खाच नाही या कारणावर त्या माणसांना परत पाठवलं. पण तेवढ्या हिसक्यानं नळीत हवेचा बुडबुडा शिरला असेल तर? बुडबुडा शिरला की पारा खोटं बोलतो, असतो त्यापेक्षा कमी दाब दाखवतो. संध्याकाळी भाऊ म्हणाले, "आनंदा, आता माझ्याकडं पण खात्रीचं काही राहिलं नाही."

तीन दिवसांनी समुद्र फिरला.

अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र आहे, एवढं बुलेटिनमध्ये आलं होतं. ते सौराष्ट्राकडं सरकतंय, असं सकाळी आलं. भेस्तानच्या घरातून भाऊ निघाले तेव्हा आकाश तांब्याच्या भांड्याला डाग पडावेत तसं झालं होतं. प्रमिलावहिनी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "एवढा वारामा कथा जाई राहिनात? आज रजा टाका." एवढ्या वाऱ्यात कुठं निघालात, असं विचारल्याचं वहिनींनी मला पुढं कितीदा तरी सांगितलं. भाऊंनी मागं वळून पाहिलं नाही, सायकल घेतली आणि गेले.

त्या दिवशी मोठे साहेब यायचे होते. रोजच्याच विमानानं, चार वाजता. त्यांच्यासोबत गजेंद्र. यंत्रणेचे कागद घेऊन तो आदल्या दिवशी मुंबईला गेला होता. इमारतीसमोर मांडव घातलेला. मॅनेजर झेंडूचे हार घेतलेल्या दोन माणसांसोबत खाली फिरत होता आणि मांडवाचं कापड वाऱ्यानं फटाफट वाजत होतं. बाराला वारा आग्नेयेचा होता. दोनला त्याचे झटके वाढले. ढग इतके खाली आले, की नदीपलीकडची कारखान्याची चिमणी अर्धी कापल्यासारखी दिसायला लागली. पक्षी नव्हते. एरवी त्या बावळांत होले सतत घुमायचे, त्यांची मला इतकी सवय होती, की ते नाहीत हे कळायलाही मला वेळ लागला.

तीनला भाऊंचा फोन. "पडद्यावर काय आहे?"

"एक हजार दोन पूर्णांक आठ."

"पारा नऊशे शहाण्णव दाखवतोय. आणि उतरतोय."

"बुडबुडा?"

"माहीत नाही."

एवढं बोलून फोन ठेवला. सव्वातीनला ते स्वतः वर आले. चढताना कधी दम न लागणारा माणूस, पण तेव्हा धापा टाकत होता. नऊशे पंच्याण्णव. पडदा, एक हजार दोन पूर्णांक सहा. त्यांनी मुंबईला फोन लावायला सांगितला. दमणला लावायला सांगितला. ट्रंकलाइन सकाळपासून मेली होती. नुसती घरघर यायची. रेडिओवर विमानाशी बोलता येत होतं, विमान निघालेलं होतं, पण वैमानिकाला सुरतेचा दाब कुठून ठाऊक असणार? तो तर आम्हाला विचारणार.

मॅनेजर वर आला. भाऊंनी त्याला दोन्ही आकडे सांगितले. हाराचा एक झेंडू त्याच्या शर्टाला चिकटला होता. तो सगळं ऐकून घेऊन माझ्याकडं वळला आणि टेबलाच्या काचेवर बोट ठेवलं. "जो स्क्रीन पर है, वही बोलो. लिखा है." मग भाऊंना म्हणाला, "पाटीलजी, तीन दिन पहले आपका बॅरोमीटर गिरते गिरते बचा. आप कसम खा सकते हो कि वो सही है?"

भाऊ खोटं बोलले असते तर सगळं सोपं झालं असतं. ते म्हणाले, "नहीं."

मॅनेजर उतरून गेला. भाऊ काचेतून नदीकडं पाहत राहिले. धावपट्टीच्या त्या टोकाला, विमान येण्याच्या वाटेवर, विजेच्या तारा नदी ओलांडतात. त्यांचे दोन उंच मनोरे. एरवी त्यांच्या पुष्कळ वरून विमान यायचं. त्या वेळी मनोऱ्यांचे शेंडे ढगात होते.

"तिसरं यंत्र पाहिजे," ते म्हणाले. "दोघांतलं खोटं कोण ते तिसऱ्यालाच कळेल." आणि एकदम, "धक्क्यावर जहाजं ओढणारा टग असतो. टगवर दाबमापक असतंच. आनंदा, तुझी लूना दे."

मी किल्ली दिली. ड्यूटी सोडून जाणं हा गुन्हा आहे हे त्यांना माझ्याहून जास्त माहीत होतं. वरून पाहिलं तर तो पन्नाशीचा माणूस वाकून, वाऱ्याला खांदा देत, मगदल्ल्याच्या बंदराच्या रस्त्याला लागला होता. दोनदा लूना आडवी झाली. दुसऱ्यांदा उठायला त्यांना वेळ लागला. मग पावसाच्या पडद्यात ते दिसेनासे झाले.

तीन चाळीसला विमानानं मला हाक दिली. नेहमीचा वैमानिक, शांत आवाजाचा. ढग किती, वारा किती, दाब किती. मी काचेखालच्या कागदाकडं पाहिलं. पडद्याकडं पाहिलं. खाली मॅनेजर मान वर करून माझ्याकडंच पाहत होता.

मी एक हजार दोन सांगितलं.

आज इतक्या वर्षांनीही हे वाक्य मी टाळून कधी ही हकीकत सांगितलेली नाही. मी एक हजार दोन सांगितलं, वैमानिकानं ते परत म्हणून दाखवलं, आणि मी म्हणालो, बरोबर.

टगवर काय झालं ते भाऊंनी नंतर सांगितलं. फळी ओली, टग दोन हात वर-खाली होत होता. ते चार पायांवर रांगत चढले. टगचा म्हातारा खलाशी आत दोरखंड आवळत होता. "शुं जोइए, साहेब?" त्यानं विचारलं. भाऊंनी भिंतीकडं बोट केलं. पितळेचं गोल दाबमापक होतं, घड्याळासारखं. खलाशी म्हणाला, सकाळपासून पडतोय तसा काटा पडताना गेल्या वीस वर्षांत पाहिला नाही, म्हणून तर दुप्पट दोर बांधतोय. काटा नऊशे चौऱ्याण्णववर होता.

धक्क्यावरच्या पत्र्याच्या ऑफिसात फोन होता आणि गावातल्या गावात तो चालत होता. तीन त्रेपन्नला माझा फोन वाजला.

"हाऊ आकडा खोटा शे!" भाऊ अहिराणीत ओरडत होते. माझ्याशी ते कधी अहिराणी बोलले नव्हते. "पडदा खोटा शे, आनंदा! नऊशे चौऱ्याण्णव सांग! आत्ता!"

मी रिसीव्हर तसाच टाकला. माइक दाबला. विमान तेव्हा ढगात शिरलेलं होतं, सहाशे फुटांपर्यंत उतरून धावपट्टी शोधणार होतं. त्याच्या घड्याळात सहाशे म्हणजे खरे पावणेचारशेच्या आसपास. मी म्हणालो, "दाबाचा आकडा दुरुस्त करा, नऊशे चौऱ्याण्णव, पुन्हा सांगतो, नऊशे चौऱ्याण्णव, तुम्ही सव्वादोनशे फूट खाली आहात, वर जा."

उत्तर आलं नाही.

मी पुन्हा सांगितलं. काचेवर पाऊस इतका, की धावपट्टीसुद्धा दिसत नव्हती. खालून मॅनेजर काहीतरी ओरडत जिना चढत होता. मग मला इंजिनाचा आवाज ऐकू आला, रेडिओतून नाही, बाहेरून, नदीकडून. फार जवळून आणि फार खालून. तो वाढला, चिरका झाला, इमारतीवरून गेला आणि टॉवरच्या काचा थरथरल्या. मला वाटलं, आता दुसरा आवाज येईल. मी डोळे मिटून तो यायची वाट पाहत होतो.

तो आला नाही. जवळजवळ मिनिटभरानं वैमानिक बोलला. आवाज तोच, फक्त शब्दांच्या मध्ये अंतर होतं. मुंबईला परत जातो म्हणाला. दाबाचा आकडा कुठून आला ते लिहून ठेवा म्हणाला.

मॅनेजर माझ्या मागं उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो खाली गेला.

गजेंद्र दुसऱ्या दिवशी आला. रेल्वेनं. दाढी वाढलेली, कालचेच कपडे. विमानात डावीकडच्या खिडकीपाशी बसला होता तो. ढग क्षणभर फाटला तेव्हा त्याला विजेची तार दिसली. म्हणाला, "खाली नाही, पाटीलसाहेब. समोर. माझ्या डोळ्यांच्या रेषेत. तारेवरचे थेंब दिसले मला." मग तो कुणाची परवानगी न घेता चिखलात पालथा झाला, पेटीच्या खाली डोकं घातलं आणि पक्कडीनं सील तोडलं.

नळीत माती होती. बोटाच्या पेराएवढी घट्ट, गुळगुळीत, वाळून दगड झालेली. कुंभारमाशीचं घर. आत तिची मरून वाळलेली अळी आणि अळीला खायला ठेवलेले कोळी. एप्रिलमध्ये कधीतरी तिनं ते बांधलं असणार. हवा त्या मातीतून झिरपत होती, पण तासातासानं. म्हणून शांत दिवशी यंत्र बरोबर, आणि वादळाच्या दिवशी पेटीत सकाळची हवा कोंडलेली.

गजेंद्र उठला नाही. चिखलातच बसून राहिला. "मनी चूक व्हयनी, भाऊ," म्हणाला. त्यानं त्यांना भाऊ म्हटलं ते पहिल्यांदाच.

भाऊंनी त्याला हात देऊन उठवलं. त्यांच्या दुसऱ्या हाताला, लूनावरून पडले त्या हाताला, वहिनींनी हळद बांधली होती. ते मातीकडं पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचा मागमूस नव्हता. त्यांनी एवढंच विचारलं, "उरलेल्या दहा ठिकाणी पण नळी खालूनच आहे?"

गजेंद्रनं मान हलवली. "सगळीकडं हीच."

चौकशी झाली. तिघांची समिती, दोन दिवस. मी जे सांगितलं ते आधी चूक आणि मग नियमाविरुद्ध, असं ठरलं, मला ताकीद मिळाली. भाऊंना विचारलं, वादळाच्या वेळी पस्तीस मिनिटं जागा सोडून कुठं गेला होता? त्यांनी सांगितलं. पेटीच्या बाहेरची स्वच्छता कुणाकडे होती? स्टेशनकडे. म्हणजे तुमच्याकडे? हो. ते प्रत्येक प्रश्नाला हो म्हणत गेले. अहवालात माशीचा उल्लेख एका ओळीत आला, 'स्थानिक देखभालीतील त्रुटी' या शब्दांखाली. इतर ठिकाणांबद्दल एक अक्षर नाही. त्यांच्या सेवापुस्तकात ठपका लागला.

त्या संध्याकाळी ते माझ्याकडं आले, पर्वत पाटियाला माझी खोली होती तिथं. चहा झाला. म्हणाले, "माझ्यावर लिहिलं त्याचं काही नाही. पण त्यांनी हे सुरतेचं करून टाकलं."

त्यांनी दहा पत्रं लिहिली. त्यांना अधिकार नव्हता, म्हणून साध्या पोस्टकार्डावर. 'दाबाच्या पेटीखालील नळीत टाचणी घालून पाहावी. माती असल्यास काढावी व बारीक जाळी बसवावी.' सात ठिकाणांहून उत्तरं आली. त्यांतल्या तिघांना माती सापडली होती. एकाकडं दोन पेट्या होत्या, दोन्हींच्या नळ्यांत. आठवं आणि नववं उत्तर पावसाळा संपताना आलं. दहावं आलंच नाही.

दहावं ठिकाण दूर होतं, डोंगरांच्या मध्ये. धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना टेकड्या. नाव मी सांगत नाही. त्यांनी तिथं तीन पत्रं टाकली. गजेंद्रनं कंपनीतून फोन केले आणि कंपनीत त्याला सांगण्यात आलं, की तक्रार नसताना जाळ्या बसवणं म्हणजे दोष कबूल करणं. तो भांडला. वर्षअखेरीस त्यानं ती नोकरी सोडली.

सत्त्याण्णवच्या एप्रिलमध्ये भाऊ रजा काढून स्वतः गेले. दोन दिवसांचा रेल्वेचा प्रवास आणि पुढं बस. मी विचारलं होतं, की तुम्हाला आत कोण सोडणार? ते म्हणाले, ओळखपत्र आहे. ओळखपत्र त्यांनी फाटकावर दाखवलं. पहारेकऱ्यानं फोन करून विचारलं. आतून सांगितलं, यंत्रणा उत्तम चालू आहे, बाहेरच्या स्टेशनच्या माणसाचं इथं काम नाही. "माझी पत्रं मिळाली का, एवढं तरी विचारा," भाऊ म्हणाले. पहारेकऱ्यानं पुन्हा फोन केला नाही.

ते कुंपणाला धरून उभे राहिले. आत शंभर पावलांवर तीच करडी पेटी होती. एप्रिलची दुपार. पेटीखाली एक काळसर माशी जात होती, येत होती, जात होती. येताना तिच्या तोंडात ओल्या मातीचा ठिपका असायचा. भाऊंनी पहारेकऱ्याला हाक मारली, ते दाखवलं. तो हसला. वेडा समजला असावा. चारच्या सुमारास टेकडीवरून एक लहान विमान आलं, आकाश निरभ्र होतं, नीट उतरलं. त्यातून माणसं उतरली, एक बाई आणि दोन मुलं सगळ्यांत पुढं. भाऊंनी त्यांना गाडीत बसेपर्यंत पाहिलं.

परत आल्यावर त्यांनी हे सगळं मला सांगितलं, नेहमीसारखं, आकड्यांसकट. माशीच्या किती खेपा झाल्या तेही. सव्वीस.

जाळी बसवण्याचं परिपत्रक अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत निघालं. सगळ्या ठिकाणांसाठी, कुणाचंही नाव नसलेलं, कारण न दिलेलं. भाऊंची तेव्हा बदली झाली होती आणि वहिनी भेस्तानला एकट्या होत्या. मी भाऊंच्या नव्या पत्त्यावर परिपत्रकाची प्रत पाठवली. त्यांचं उत्तर पोस्टकार्डावरच आलं. वर तारीख, आणि खाली दोन ओळी. गेल्या पावसाळ्यात त्या दहाव्या ठिकाणी चौऱ्याण्णव दिवस ढग टेकड्यांच्या माथ्याखाली होते, हे त्यांनी रोजच्या बुलेटिनांवरून काढलं होतं. विमान त्यांतल्या किती दिवशी आलं, ते कळवू शकशील का, असं त्यांनी मला विचारलं होतं.

मी चौकशी केली. एकसष्ट दिवशी आलं होतं, त्याच बिनजाळीच्या पेटीच्या आकड्यावर. मी ते त्यांना कळवलं. त्यानंतर कितीतरी दिवस त्यांचं पत्र आलं नाही.